सबनीस काकूंची थंड हवेची फाइल

मे महिन्यात दुपारी तीन वाजता दिल्लीत मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शहाण्या माणसाने जाऊ नये. मी गेलो होतो, कारण लॅपटॉपचा चार्जर गाडीत राहिला होता. तिथे एका जुन्या पांढऱ्या गाडीचं इंजिन चालू होतं, चारही काचा बंद होत्या आणि आत साठी ओलांडलेल्या एक बाई घामाने निथळत समोर टक लावून बसल्या होत्या. मला वाटलं, यांना ऊन लागलं. मी धावत जाऊन काचेवर टकटक केली. त्यांनी नजर न हलवता एक बोट वर केलं, म्हणजे थांबा. मी थांबलो. एक मिनिटाने काच खाली आली.

“सव्वीस,” त्या म्हणाल्या. “बाहेर त्रेचाळीस आणि एसीच्या तोंडाशी सव्वीस. याला काय एसी म्हणायचं? तुम्ही मराठी का?”

“हो. पण तुम्हाला कसं कळलं?”

“काच वाजवताना ‘अरे देवा’ म्हणालात.”

एसीच्या जाळीत त्यांनी एक लांब सळईचा तापमापक खोचला होता. तो खरं तर केकमध्ये खुपसायचा होता. मेलबर्नच्या लेकीने आईने केक करावेत म्हणून पाठवला होता. त्या घरात केक कधी झाला नाही, पण तापमापकाने फ्रीजचं, गीझरचं, दह्याच्या विरजणाचं आणि एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या चहाचंही तापमान घेतलं होतं. सेक्रेटरी म्हणत होता चहा गरम आहे, काकू म्हणत होत्या कोमट आहे. छत्तीस अंश निघाले. सेक्रेटरीने तेव्हापासून त्यांच्यासमोर कुठल्याच गोष्टीबद्दल ठाम बोलणं सोडून दिलं.

या सबनीस काकू. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात छत्तीस वर्षं फाइली चालवून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि गळ्यात चष्मा. चष्म्याची दोरी म्हणजे सरकारी फाइलीचे दोन हिरवे टॅग, एकमेकांना गाठ मारून केलेले. टॅग म्हणजे कागद ओवायची ती दोन्ही टोकांना पत्र्याची पट्टी असलेली दोरी. “याच्याएवढं टिकाऊ या सरकारात दुसरं काही नाही,” असं त्या अभिमानाने सांगत.

आणि त्यांचं एक वाक्य होतं, जे त्या दिवसातून पाचसहा वेळा तरी वापरत: “आधी नोंद, मग बोंब.” लिफ्ट बंद पडली, दूध पातळ आलं, वरच्या मजल्यावरून पाणी गळलं, की बाकीची सोसायटी व्हॉट्सअॅपवर आरडाओरडा करायची. काकू वहीत तारीख, वेळ आणि प्रकार लिहायच्या. तीन नोंदी झाल्या की चौथ्या दिवशी खाली उतरायच्या आणि बोंब अशी ठोकायच्या की लिफ्टवाला नोएडाहून अर्ध्या तासात हजर व्हायचा.

मला त्या ‘इंजिनियर’ म्हणत. मी सॉफ्टवेअरमधला, पुण्याहून नोएडाच्या एका कंपनीत आलेला. गाडीत पेट्रोल कुठून घालतात एवढं मला माहीत होतं आणि काकूंनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं. “इंजिनियर, बोनेट उघडता येतं का?” त्यांनी विचारलं. मी तीन मिनिटं खटका शोधला. मग त्यांनीच हात घालून उघडलं.

गाडी चौदा वर्षांची होती. दिल्लीत पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांचं आयुष्य, मग ती कितीही धडधाकट असो. म्हणजे हिच्यापुढे एक उन्हाळा आणि वर थोडे महिने उरलेले. अशा गाडीच्या एसीवर कोण खर्च करतं? सोसायटीतले सगळे हेच म्हणत होते. मीही मनात म्हणालो.

खरं कारण दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं होतं. सबनीस काका उपसचिव म्हणून निवृत्त झालेले, उंच, करड्या मिशांचे. फेब्रुवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिलं वर्ष महत्त्वाचं, आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्या, एकही आठवडा चुकवू नका, हे पुन्हा चालायला लागतील. व्यायामाचं केंद्र यमुनेपलीकडे. वेळ मिळाली ती दुपारी दोनची, कारण सकाळच्या वेळा वर्षभर आधीच भरलेल्या. एप्रिलपर्यंत निभावलं. मग ऊन तापलं आणि गाडीचा एसी नुसती फुंकर मारायला लागला. काकूंनी टॅक्सी करून पाहिली. आमच्याकडच्या टॅक्सीवाल्यांचा एसी नेमका काल बिघडलेला असतो. पुलावर वाहतूक अडकली आणि काकांची शुद्ध हरपली. फक्त दोन मिनिटं, पण काकूंच्या मांडीवर.

मी माझी गाडी देऊ केली. काकूंनी मला उभं आडवं पाहिलं.

“तुम्ही मनापासून म्हणताय, कळतं मला. पण दुपारी दोनला तुम्ही नोएडात असता. आज सुट्टी काढाल, परवा काढाल. मग तुमचा बॉस बोंब मारेल, आणि त्याने नोंदही केलेली असेल.”

मी नोएडाला गेलो.

तर काकूंनी फाइल उघडली. खरीखुरी फाइल, पुठ्ठ्याची, हिरव्या टॅगने बांधलेली. डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला कागद. वर सुरेख अक्षरात: ‘विषय: गाडीतील थंड हवा.’ पहिली टिपणी मी स्वतः वाचली आहे. ‘एसीच्या तोंडाशी तापमान सव्वीस. अपेक्षित: दहाच्या आत. गाडीचे उर्वरित आयुष्य एक वर्ष असल्याने कमीत कमी खर्चात काम व्हावे. तीन ठिकाणांहून दर मागवावेत. आदेशार्थ सादर.’ खाली काकूंची सही, आणि त्याखाली साहेबांच्या सहीसाठी जागा. साहेब म्हणजे काका. एरवी काकू नवऱ्याला चारचौघींसारखं ‘अहो’ म्हणत, पण फाइल हातात असली की ‘साहेब’. ते एका मंत्रालयात, त्या दुसऱ्यात. उभ्या नोकरीत काकूंनी त्यांच्यापुढे एकही फाइल ठेवली नव्हती. आता रोज ठेवत होत्या.

त्या पहिल्या टिपणीखाली सही म्हणून एक रेघ होती. कागदाच्या मध्यापासून निघून खाली घसरत जाऊन कडेवरून पडलेली.

तीन दर आले. पहिला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा. त्यांनी कॉम्प्रेसरपासून सगळंच नवं घालायला सांगितलं आणि जो आकडा दिला त्यात अख्खी जुनी गाडी आली असती. दुसरा एका मोठ्या दुकानाचा, ते डॅशबोर्ड उतरवून आतली कॉइल बदलणार होते. तिसरा रस्त्याकडेच्या एका चटपट्या माणसाचा: गॅस भरतो, पंधरा मिनिटं. चौथ्या एका मिस्त्रीलाही काकूंनी विचारलं होतं. हा किशनपाल, बाजारामागच्या कडुनिंबाखाली बसणारा. तो म्हणाला, “माताजी, पहले देखूँगा, फिर बोलूँगा. बिना देखे रेट कैसे दूँ?” काकूंनी नोंद केली: ‘दर देण्यास नकार. अपात्र.’

सरकारी नियमाप्रमाणे सर्वात कमी दराचा तो पात्र. चटपट्या माणसाने पंधरा मिनिटांत गॅस भरला. तापमापक नऊवर आला. काकूंनी सोसायटीच्या गेटवरच्या गार्डलाही आत बसवून दाखवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, काका डोक्याला मफलर गुंडाळून थंडगार हवेत व्यायामाला गेले. सोसायटीत काकूंच्या कमी खर्चाची वाहवा झाली, आणि त्यांनीही ती करवून घेतली.

नवव्या दिवशी, परतीच्या वाटेवर, बरोबर त्याच पुलावर हवा गरम झाली. या वेळी काकांची शुद्ध गेली नाही. पण घरी आल्यावर ते खुर्चीत बसले आणि जड जिभेने एकच वाक्य बोलले: “आता नाही.”

सोमवारी काका गेले नाहीत. बुधवारी गेले नाहीत. डावा हात मांडीवर ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसले. मी गुरुवारी मुद्दाम लवकर आलो तर काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या, फाइल ओट्यावर उघडी. काकूंना मी रडताना कधी पाहिलं नाही, तेव्हाही त्या रडत नव्हत्या. पण ताटात कोथिंबीर निवडून झाली होती आणि त्या पुन्हा तीच निवडत होत्या.

“माझी चूक आहे,” त्या म्हणाल्या. “बिल्कुल माझी. छत्तीस वर्षं हेच केलं ना मी. सगळ्यात स्वस्त कोण, त्याला काम. तो काय करणार आहे, हे विचारायला रकानाच नसतो. गॅस भरणाऱ्याने गॅस भरला. तो गेला कुठे हे त्याला कुणी विचारलं? मी विचारलं नाही. आणि जो म्हणाला आधी बघतो, त्याला मी अपात्र ठरवलं.”

फाइलीत तसंच लिहिलेलं होतं. ‘चूक माझी. किशनपाल यांना अपात्र ठरवण्याचा निर्णय मागे घ्यावा.’ सरकारी माणसाने आपली चूक लेखी कबूल केलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली.

पुढचे दोन दिवस काकू पहाटे पाण्याच्या वेळेला उठून मोबाइलवर एसी दुरुस्तीचे व्हिडिओ पाहत होत्या. शनिवारी सकाळी त्यांनी माळ्याचा पाइप घेतला आणि बोनेटमधली पुढची जाळी, म्हणजे जिथे गरम झालेला गॅस निवतो ती, आतून बाहेर हळू धारेने धुतली. चौदा वर्षांची दिल्लीची धूळ, कडुनिंबाची पानं, पतंगाचा मांजा आणि कुठल्याशा लग्नाच्या वरातीतली चमकी बाहेर आली. पाण्याचा रंग चहासारखा. पंचवीसवरून तापमान बावीसवर आलं, फुकटात. काकूंनी ते लिहिलं आणि वर जाऊन साहेबांची सही घेतली.

रविवारी किशनपालकडे जायचं ठरलं. प्रश्न असा होता की काकूंना काकांनाही न्यायचं होतं आणि काका तर ‘आता नाही’ म्हणून बसलेले. मी म्हटलं, त्यांना कशाला, आपण दोघं जाऊ. काकू माझ्याकडे न बघता काकांच्या खुर्चीशी गेल्या.

“साहेब, जागेवर पाहणी आहे. तुमच्याशिवाय मंजुरी कोण देणार?”

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने काठी मागितली.

माझ्या गाडीचा एसी चांगला होता, तो सकाळी आठपासून चालू ठेवून काकांना तिच्यात बसवलं, काकूंनी त्यांची गाडी पुढे घेतली आणि दोन्ही गाड्या कडुनिंबाखाली आणून उभ्या केल्या. किशनपाल हडकुळा, पन्नाशीचा. कमी बोलणारा. काकूंनी बाजूला प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं आणि मनगटातलं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. मी मनात म्हटलं, आता या माणसाचं काही खरं नाही. पण झालं उलटंच. त्या दोघांचं असं जमलं की मी निव्वळ प्रेक्षक राहिलो. तोही प्रत्येक गोष्ट दोनदा बघायचा. त्यानेही काहीही सांगण्याआधी पंख्याकडे, पट्ट्याकडे, नळ्यांकडे पाहिलं आणि मग म्हणाला, “कंप्रेसर बढ़िया है. कहीं से लीक है.”

गॅस कुठून जातो हे बघायला तो शांपूचा फेस हाताने लावायला लागला. काकूंनी पिशवीतून एक दाढीचा ब्रश काढला.

“ये लीजिए. बारीक जगह में हाथ नहीं जाएगा.”

ब्रश काकांचा होता. फेब्रुवारीपासून त्यांची दाढी न्हावी घरी येऊन करत होता, म्हणून तो पडून होता. किशनपालने एकेका जोडावर फेस लावला. चौथ्या जोडावर, खाली, अगदी पुढच्या जाळीजवळ, एक बुडबुडा आला. मग फुटला. मग दुसरा आला. आम्ही तिघं त्या बुडबुड्याकडे वाकून बघत होतो.

“अहो,” काकू एकदम वळून माझ्या गाडीकडे बोलल्या, “सापडलं.”

आत रबराची एक कडी होती, वाळून लाकूड झालेली. तिची किंमत छोल्यांच्या अर्ध्या प्लेटएवढीही नव्हती. किशनपालने सगळ्याच जोडांच्या कड्या बदलल्या. मग नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणारा पंप लावला. म्हणाला, अर्धा तास. काकूंनी घड्याळ पाहिलं. चटपट्या माणसाने हे केलंच नव्हतं, हे तेव्हा कळलं. अर्ध्या तासात त्याने चहा प्यायला, काकूंनी त्याला डब्यातली थालीपीठं दिली, आणि तो विचारत होता यात काय काय आहे आणि त्या सांगत होत्या. शेवटी गॅस भरला तो वजन करून. गाडी सुरू केली. तापमापक खाली यायला लागला. वीस, अठरा, पंधरा. चौदा. तिथे थांबला.

किशनपालने डोकं खाजवलं. “माताजी, पुरानी गाड़ी है. इतना बहुत है.”

चौदा वाईट नव्हतं. पण ते सकाळचे अकरा, झाडाची सावली. दुपारी दोनला पुलावर त्याचे बावीस होणार हे काकूंना माहीत होतं. त्यांनी वहीत चौदा लिहिलं. पेन तसंच कागदावर टेकलेलं राहिलं.

“साहेबांना पाहणी करू द्या,” शेवटी त्या म्हणाल्या.

आम्ही काकांना माझ्या गाडीतून उतरवून त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. दार लावलं, काचा बंद. काकू ड्रायव्हरच्या जागी, मी मागे. थोड्या वेळाने काकांचं नाक हललं.

“छोले,” काका म्हणाले.

कडुनिंबाच्या पलीकडे छोले-भटुऱ्यांची गाडी होती. काकूंचा चेहरा खुलला. झटक्यानंतर काकांनी स्वतःहून काही खायला मागितलं नव्हतं. “इंजिनियर, पळा,” त्या म्हणाल्या. मी पळालो, एक प्लेट घेऊन आलो. काकांनी प्लेटकडे पाहिलं, डाव्या हाताने ती बाजूला सारली आणि जोर करून पुन्हा म्हणाले, “छोले. आत.” आणि मग उजवा हात उचलायला लागले. तो हात मांडीवरून निघाला, थरथरत डॅशबोर्डपर्यंत पोचला, आणि एका खटक्यावर पडला. बाहेरची हवा बंद करायचा तो खटका. तो तर बंदवरच होता.

मला कळायला वेळ लागला, काकूंना नाही. खटका बंद आहे, काचा बंद आहेत, मग छोल्यांचा वास आत येतोच कसा? त्या दार उघडून ओरडल्या, “किशनपालजी, बाहर की हवा अंदर आ रही है!”

किशनपाल डॅशबोर्डच्या खणाखाली डोकं घालून, पाय बाहेर काढून आडवा झाला. आतून त्याचा आवाज आला. झडपेची तार निसटली होती, तिला धरणारी प्लॅस्टिकची पकड मोडलेली. ती पकड आता मिळत नाही, म्हणाला. खटका नुसता पुढेमागे होत होता आणि झडप उघडीच होती, देव जाणे किती दिवस. म्हणजे एसी बिचारा सगळी दिल्ली थंड करायला बघत होता.

“बाँधने को कुछ दो,” त्याने हात बाहेर काढला.

काकूंनी गळ्यातून चष्मा काढला, टॅगची गाठ सोडली, एक टॅग त्याच्या हातावर ठेवला.

तापमापक खाली आला. बारा, दहा, नऊ. सात.

काकूंनी वहीत सात लिहून फाइल काकांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पेन उजव्या हातात धरलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि ‘मंजूर’ लिहिलं. म चा वेलांटीसारखा काहीतरी आकार झाला होता, पण वाचता येत होतं. खाली सही. मी मागच्या सीटवरून पाहिलं, आणि छोल्यांची प्लेट हातात धरूनच फाइल मागून घेतली. मागची पानं चाळली. पहिली रेघ, कडेवरून पडलेली. मग रेघेला एक गाठ. मग दोन. मग स सारखं काहीतरी. गेला महिनाभर रोज एक सही.

“काकू,” मी म्हटलं, “जाळी धुवायला काकांची मंजुरी कशाला लागते? हे सगळं तुम्ही एकट्यानेच ठरवलं असतं.”

“बिल्कुल,” काकू म्हणाल्या. “डॉक्टरांनी दाबायला रबरी बॉल दिला होता. तो सोफ्याखाली आहे. बॉल कोण दाबतं हो? पण फाइल समोर आली की हात पुढे जातोच. आम्हा सरकारी माणसांची जातच तशी.”

काका मिशीत हसत होते. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी ते छोले खाल्ले. फार तिखट होते, त्यामुळे डोळ्यांचं निभावलं.

सोमवारी दुपारी दीड वाजता गाडी निघाली. तो उन्हाळा, पुढचा पावसाळा, थंडी, एकही वार चुकला नाही. दिवाळीनंतर काकांसाठी भाड्याने आणलेली चाकाची खुर्ची परत गेली. जानेवारीत काका हॉलमध्ये भिंत धरून चालायला लागले. आता थंडीत गाडीचा एसी बंदच असे, तरी काकू आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तो चालवायच्या, जोडांतलं रबर ओलं राहावं म्हणून. किशनपालने सांगितलं होतं आणि काकूंनी लिहून घेतलं होतं.

मेच्या शेवटी गाडीला पंधरा वर्षं झाली. त्याच आठवड्यात माझी पुण्याला बदली झाली होती. गाडी भंगारात द्यायची ठरली आणि काकूंनी मला सांगितलं, “इंजिनियर, सकाळी दहाला खाली या. साक्षीदार हवा.” मी गेलो. भंगारवाल्याचा माणूस टोइंगची गाडी घेऊन आला होता. काकूंनी त्याला पुढच्या सीटवर बसवलं होतं, एसी चालू केला होता, तापमापक जाळीत खोचला होता.

“मैडम,” तो गरीब बिचारा हात जोडत म्हणाला, “हमें तो तौल के लेना है. ठंडी हो, गरम हो, लोहा तो लोहा है.”

“बैठिए पाँच मिनट,” काकू म्हणाल्या. त्या ड्रायव्हरच्या बाजूला दार उघडून वाकून उभ्या होत्या, डोळे तापमापकावर. “ऐसे ही नहीं दे रही हूँ मैं. चालू हालत में दे रही हूँ.”

तो बसला. एवढ्या उन्हात थंड हवा कुणाला नकोशी होते? हळूहळू त्याने डोकं मागे टेकलं.

तेवढ्यात माझ्या मागे लिफ्टचं दार उघडलं. काका बाहेर आले. काठी होती. बरोबर कुणी नव्हतं. लिफ्टपासून गाडीपर्यंत सगळं पार्किंग मध्ये होतं आणि फरशी एकसारखी नव्हती. मी पुढे झालो.

“थांबा तिथेच,” काकू म्हणाल्या. त्यांनी वळून पाहिलं नव्हतं. नजर तापमापकावरच होती. “मोजतेय मी.”

मग मलाही ऐकू आलं. काठी टेकायची, मग पाय, मग जरा थांबणं, मग काठी. काकूंचे ओठ हलत होते. त्यांचा हात दाराच्या चौकटीवर इतका घट्ट होता की बोटं पांढरी पडली होती. मधे एकदा काठी घसरली आणि आवाज थांबला. काकूंनी डोळे मिटले. मी पाऊल उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. काठी पुन्हा टेकली.

काका बोनेटपाशी आले, त्यावर हात टेकला आणि धापा टाकत उभे राहिले.

“अठ्ठेचाळीस,” काकू म्हणाल्या. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. “अहो, आणि इथे सहा आहे.”

फाइल बोनेटवर होती. शेवटच्या टिपणीत लिहिलं होतं: ‘काम पूर्ण. फाइल बंद करण्यास हरकत नसावी.’ काकांनी उभ्या उभ्या, डाव्या हाताचा आधार न घेता सही केली. पूर्ण सही, आडनावाखाली दोन टिंबांसकट, उपसचिवाच्या तोऱ्यात. मग काकूंनी वाकून खणाखाली हात घातला, झडपेच्या तारेचा टॅग सोडवला, पदराने पुसला आणि चष्म्याच्या उरलेल्या टॅगला पुन्हा गाठ मारली.

गाडी साखळीला लागून गेटबाहेर गेली. मला संध्याकाळच्या विमानाची तयारी करायची होती. मी नमस्कार केला, काकू म्हणाल्या, “पुण्याला काही बिघडलं तर आधी नोंद.” मी बरं म्हणालो. त्यानंतर मी त्यांना पुन्हा भेटलेलो नाही.

जिन्याच्या वळणावरून एकदा मागे वळून पाहिलं तेव्हा ती दोघं लिफ्टकडे परत निघाली होती. काका पुढे, काकू अर्धं पाऊल मागे. काकूंचा एक हात त्यांच्या कोपराशी होता, बोटभर अंतरावर, लागू न देता धरलेला. दुसऱ्या हातात तो तापमापक तसाच राहिला होता. त्याचा काटा उन्हात चढत चढत बेचाळीसवर पोचला असणार, पण त्या पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या पावलं मोजत होत्या.